मेगाथेरियमच्या टाचेला कुंकू

क्वीन्सटाउन, सिंगापूर
मंगळवार, २२ एप्रिल २०२५

मामा, नमस्कार.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून हे पत्र. क्षिप्रावहिनी छापून तुमच्या हातात देईल. उत्तर नेहमीसारखं हाताने लिहा, ती फोटो काढून मला पाठवेल.

आमची कंपनी प्रदर्शनं उभारते, हे तुम्हाला माहीत आहे. आजवर मी दुसऱ्यांच्या हाताखाली भिंती आणि दिवे सांभाळले. या वेळी पहिल्यांदाच अख्खं प्रदर्शन माझ्या नावावर आहे. शाळांना सुट्टी लागते त्या दिवशी, म्हणजे ३१ मेला, ते उघडायचं आहे. मधोमध उभा राहणार मेगाथेरियम. दक्षिण अमेरिकेत सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत राहत होता, हत्तीएवढा स्लॉथ. आजचे स्लॉथ लहानशा कुत्र्याएवढे, झाडाला उलटे लटकून आयुष्य काढणारे. हा त्यांचा थोरला भाऊबंद मात्र जमिनीवर चालायचा आणि मागच्या दोन पायांवर, शेपटीचा टेकू घेऊन, झाडाच्या फांद्या खाली ओढायचा.

आमच्याकडची हाडं खरी नाहीत. खऱ्या हाडांवरून साचे घेऊन ती रेझिनमध्ये ओतली आहेत. नऊ पेट्या आल्या. सोबत जोडणीचा नकाशा आहे, पण तो कुठल्यातरी जुन्या चित्रावरून काढलेला, आणि मागच्या पावलांपाशी येऊन त्याची वाचाच बसते. तिथेच मी अडले आहे. हॉल म्हणजे जवळच्याच अलेक्झांड्रा भागातलं जुनं गोदाम, आणि छताला काहीही टांगायचं नाही ही मालकाची अट. म्हणजे हा प्राणी स्वतःच्या पायांवर उभा राहिला तरच राहिला. नाहीतर आमचे साहेब, मिस्टर कोह, त्याला पुन्हा पेट्यांत भरून तिथे व्हिडिओचा पडदा लावणार आहेत. आणि पुढचं काम मला देताना दहादा विचार करतील, हेही त्यांनी हसत हसत सांगून ठेवलंय.

मामा, मेडिकल कॉलेजात तुम्ही चौतीस वर्षं सांगाडे जोडलेत. निवृत्तीनंतर हाडाला हात लावणार नाही म्हणालात, तेही मला ठाऊक आहे. हात लावू नका. फक्त सोबतचे फोटो बघा.

तुमची मधू


मिरज
२४ एप्रिल

चि. मधू, आशीर्वाद.

ताकाला जाऊन भांडं लपवलं नाहीस, हे बरं केलंस.

हाडाला हात का लावत नाही, ते तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. चौतीस वर्षांत मी एकतीस सांगाडे केले. हाडं साफ करायची, उन्हात वाळवायची, मणके तारेत ओवायचे, मनगटाची खड्यांसारखी आठ-आठ हाडं जागेवर बसवायची. एकेकाला तीन-तीन महिने. प्रत्येकाच्या स्टँडवर पितळी पट्टी, आणि पट्टीवर त्या वर्षीच्या विभागप्रमुखांचं नाव. प्रमुख बदलले, पट्ट्या बदलल्या, हात तोच राहिला. निरोपसमारंभाच्या फोटोत मी शेवटच्या रांगेत सांगाडा धरून उभा आहे आणि माझ्यापेक्षा तोच ठळक आलाय. झालं. आता त्यावर फुंकर घालून काही उपयोग नाही.

तुझे फोटो भिंग लावून पाहिले. पाऊल सपाट ठेव. टाच मागे, बोटं पुढे. पाऊल म्हणजे पाऊल, मग ते माणसाचं असो की तुझ्या त्या धुडाचं. बेधडक वेल्डिंग करून टाक.

आणि हा प्राणी पहिल्यांदा कुणाला सापडला, कुणी जोडला, ते लिही. ज्याने पहिल्यांदा जोडला त्याचे हाल मला ऐकायचे आहेत.

मामा

ता. क. गार्गीला पापा. मराठीत उत्तर देते का अजून?


क्वीन्सटाउन
६ मे

मामा,

सपाट ठेवलं. शनिवारी इथे मतदानाची सुट्टी होती, तरी आमचा वेल्डर सेल्वम आला. दिवसभर खपून आम्ही दोन्ही पावलं खालच्या चौकटीला जोडली. मग लोखंडी घोडीवरून त्याला तोलून धरणारी साखळी सैल करायला घेतली, तर गुडघे बाहेर पळाले, कंबरेच्या सांध्यात चार बोटं फट पडली आणि अख्खा प्राणी डावीकडे कलला. साखळी होती म्हणून वाचला. मिस्टर कोह आले, दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "लग्नाच्या जेवणानंतर माझे काका असेच उभे राहतात, लाह." (हे 'लाह' इथे प्रत्येक वाक्याच्या शेपटीला असतं.) सगळे हसले. मला नाही हसू आलं. शुक्रवार, २३ मेपर्यंतची मुदत दिली आहे. त्यानंतर पडदा.

तुम्ही विचारलेली गोष्ट सांगते, तेवढंच मलाही बरं वाटेल. १७८७च्या सुमारास ब्युनोस आयर्सजवळ लुहान नदीच्या काठाला ही हाडं निघाली. मान्युएल तोरेस नावाच्या ख्रिस्ती साधूने ती जपून उकरली आणि ती पेट्यांतून स्पेनला गेली. तिथल्या राजाने उलटा हुकूम पाठवला, की असा एखादा जिवंत मिळाला तर पाठवा, लहान असला तरी चालेल. माद्रिदच्या संग्रहालयात हुआन बाउतिस्ता ब्रू नावाचा चित्रकार होता. प्राण्यांत पेंढा भरायचं कामही त्याच्याकडेच. त्याने हाडं जोडून प्राणी उभा केला. नामशेष प्राण्याचा सांगाडा जिवंतपणी असेल तसा उभा करण्याचा तो जगातला पहिला प्रयत्न मानतात. त्याच्याच चित्रांच्या प्रती पॅरिसला गेल्या. तिथे कुविए नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने, हाडं डोळ्यांनी न बघता, हा स्लॉथचा नातलग आहे हे ओळखलं आणि १७९६ साली त्याला मेगाथेरियम हे नाव दिलं. नाव झालं ते कुविएचं. ब्रूच्या मांडणीत चुका आहेत म्हणतात, पण ती माद्रिदला अजून तशीच जपली आहे.

माझ्या हातात सतरा दिवस आहेत.

मधू


मिरज
७ मे

चि. मधू,

चूक माझी आहे. सेल्वमची नाही, तुझी नाही. तुझ्या साहेबांना तसं सांग.

रात्री जेवताना कळलं कुठे घसरलो ते. माझे एकतीसच्या एकतीस सांगाडे कवटीला हूक लावून टांगलेले. त्यांच्या पावलांवर कधी भार आलाच नाही. ती नुसती लोंबायची आणि मी दिसायला बरी म्हणून सरळ करायचो. जो कधी उभा राहिला नाही, त्याच्यावरून मी तुला उभं कसं राहायचं ते शिकवलं. याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं.

तुझा तो ब्रू मला फार आवडला. त्याच्या चुका दोनशे वर्षं जगाला दिसताहेत, आणि तरी त्याने केलं. माझी चूक निदान तुमच्या गोदामातच राहिली.

आता मी ज्याने पोट भरलं ते सांगतो. टाचेचं हाड घे आणि त्यावर बसणारं घोट्याचं हाड घे. आपण कपड्यांना घालतो ती नीळ एकाला पातळ चोळ. दुसरं त्यावर ठेवून हलकं फिरव. जिथे ती दोन हाडं खरोखर एकमेकांना भेटतात तिथे रंग उमटेल. रंग तुटक उमटला तर जागा चुकली. भरून उमटला की थांब, आणि हाड ज्या कोनात असेल त्या कोनात फोटो काढ. तिन्ही बाजूंनी काढ. नकाशा गुंडाळून ठेव. डोक्यातलं माणसाचं पाऊलही काढून टाक. मीही इथे तेच करतोय, आणि या वयात ते सोपं नाही.

मामा


क्वीन्सटाउन
१३ मे

मामा,

नीळ मिळाली नाही. देवघरातलं कुंकू नेलं, चैत्रातल्या हळदीकुंकवाचं उरलेलं, आणि त्यात दोन थेंब खोबरेल घातलं. टाचेचं हाड माझ्या कमरेएवढं आहे. मी त्याच्यापुढे गुडघे टेकून कुंकू चोळत होते, तेवढ्यात मिस्टर कोह आले. त्यांना वाटलं पूजा चालली आहे. बिचाऱ्यांनी दाराशी बूट काढले आणि दहा मिनिटं हात बांधून उभे राहिले. नंतर खरं कळल्यावर म्हणाले, दोन्ही करून टाक, आपल्याला दोन्हीची गरज आहे.

कुंकू भरून उमटलं, पण ज्या कोनात उमटलं तो बघून मी खचले. फोटो पाठवते. घोट्याचं हाड सरळ धरलं तर टाच आडवी पडते. म्हणजे पाऊल कुशीवर झोपतं, तळवा जमिनीकडे न राहता आत वळतो. असं कोण चालेल? मला वाटतं साचाच बिघडलेला आहे. नवा मागवायला वेळ नाही. अमेय म्हणतो, पडद्याची तयारी सुरू कर, हट्ट किती करायचा. काल जेवताना त्यावरून आम्हा नवरा-बायकोचं भांडणसुद्धा झालं.

मिस्टर कोह मात्र तुम्हाला फार मानायला लागले आहेत. रोज सकाळी पहिलं विचारतात, मिरज काय म्हणतं? गार्गी म्हणते, "डोन्ट वरी मम्मा, आजोबा नोज, लाह." दहा दिवस उरले.

मधू


मिरज
१४ मे

चि. मधू,

पडद्याची तयारी थांबव.

तुझे फोटो काल दुपारी आले. मी उठलो, चपला काढल्या आणि पावलांच्या बाहेरच्या कडांवर घरभर चालायला लागलो, तळवे एकमेकांकडे वळवून. क्षिप्रा स्वयंपाकघरातून आली आणि मला पाहून तिने आधी डॉक्टरांना फोन लावला. तिला वाटलं, सासऱ्यांना झटका आला. डॉक्टर येऊन रक्तदाब बघून गेले. त्यांनाही चालून दाखवलं.

साचा बिघडलेला नाही. तो असाच चालायचा. तीन गोष्टी बघ म्हणजे पटेल. करंगळीच्या रांगेतलं लांब हाड बघ. माणसात ते किडकिडीत असतं, तुझ्या फोटोत मुसळासारखं जाड आहे. भार पडल्याशिवाय हाड असं माजत नाही. मग मधल्या बोटाचं ते भलंमोठं नख बघ. सपाट पावलाखाली एवढं नख रोज आपटलं असतं तर महिन्यात मोडलं असतं. पाऊल आडवं केलं की नख आत वळून सुखरूप राहतं. आणि कंबरेतली ती चार बोटं फट. पाऊल वळलं की गुडघा आत येईल, गुडघा आला की मांडीचं हाड वर सरकेल आणि फट मिटेल. हे मी पाटावर बटाटे आणि विणायच्या सुया मांडून तीनदा करून पाहिलं.

सेल्वमला सांग, आधीचं कापून टाक, पण एकदम पक्कं करू नकोस. आधी चार ठिकाणी वेल्डिंगचे कच्चे टाके मार, साखळी वीतभर सैल करून बघ, मग पुढचं.

आणि एक. मी माणसांचा माणूस. ज्यांनी आयुष्य या प्राण्यावर घालवलंय अशा कुणालातरी हे फोटो दाखव. मी एकदा तोंडावर पडलोय, दुसऱ्यांदा तुला घेऊन पडायचं नाही.

मामा


क्वीन्सटाउन
२० मे

मामा,

उभा राहिला.

काल दुपारी साडेतीनला. सेल्वमने टाके मारले, वीतभर साखळी सोडली, थांबलो. आणखी वीतभर, पुन्हा थांबलो. गुडघे तुम्ही म्हणालात तसे आत आले. कंबरेची फट माझ्या डोळ्यांदेखत मिटली, नुसती मिटली, हातोडीसुद्धा लागली नाही. मग साखळी पूर्ण सैल होऊन त्याच्या छातीशी लोंबायला लागली आणि तो जागचा हलला नाही. दोन पाय, एक शेपूट. सेल्वमने हातमोजे काढून कपाळाला हात लावला. मी रडले, मामा, सगळ्यांसमोर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तुमच्या सांगण्यावरून अर्जेंटिनाच्या एका संशोधक बाईंना फोटो पाठवले होते. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर, तो पावलाच्या बाहेरच्या कडेवरच चालायचा, हे आम्हाला बऱ्याच काळापासून माहीत आहे, तुमचा नकाशाच जुना होता. मग त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या मामांनी, साडेतीन हजार किलोमीटरवरून, कुंकवाच्या फोटोंवरून. त्यांना आधी थट्टा वाटली. आता त्या उद्घाटनाला येणार आहेत.

कोहसाहेब तुम्हाला रीतसर आभाराचं पत्र पाठवणार आहेत. पाटीचा मजकूरही सोबत असेल. त्यात काही इकडचं तिकडे झालं असेल तर मनाला लावून घेऊ नका.

मधू


मिरज
२३ मे

चि. मधुवंती,

तुझ्या साहेबांचं पत्र मिळालं. "प्रोफेसर चंद्रशेखर लोंढे, शरीररचनाशास्त्र विभागप्रमुख." क्षिप्राने मोठ्याने वाचलं आणि या वेळी मला अक्षर न अक्षर ऐकू आलं.

एकतीस सांगाड्यांवर प्रोफेसरांची नावं लागली. बत्तिसावं काम झालं, त्यावरही प्रोफेसरांचंच लागतंय. फरक एवढाच, की हा प्रोफेसर माझ्या आडनावाचा आहे. परक्यांनी केलं त्याचं मी काही मनात ठेवलं नाही. तुला माझी लाज वाटली, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

पाटीवर माझं नाव घालू नये. प्राणी उभा राहिला याचा आनंद आहे.

चंद्रशेखर


क्वीन्सटाउन
रविवार, १ जून

मामा,

तुमच्या पत्राला नऊ दिवस झाले. तीन उत्तरं लिहिली आणि फाडली, कारण आधी करायचं होतं ते केलेलं नव्हतं. आता केलंय, म्हणून लिहिते.

लाज नव्हती. भित्रेपणा होता, आणि तो माझा. पहिल्याच आठवड्यात कोहसाहेबांनी विचारलं, हा सल्ला कुणाचा? मी म्हटलं, मामांचा. ते डॉक्टर आहेत का? माझ्या तोंडून "प्रोफेसर" निघून गेलं. डिसेक्शन हॉलमधल्या मदतनिसाचं ऐकायचं नसतं, त्याने केलेलं वापरायचं असतं, हे मी लहानपणापासून पाहत आले. तीच आपल्याकडची खोड मी इथे घेऊन आले आणि तुमच्यावरच वापरली. याला माझ्याकडे दुसरं कारण नाही. माफी मागते.

सोमवारी सकाळी पाटी छापायला जाण्याआधी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पाटीचा कागद समोर ओढला. मग विचारलं, किती सांगाडे केले त्यांनी? एकतीस. स्वतःच्या हाताने? हो. तेव्हा मात्र ते भडकले. म्हणाले, "माझे वडील शिपयार्डात वेल्डर होते. प्रोफेसर मला फोन केला की मिळतो. एकतीस करून झालेला माणूस कुठे मिळतो? हे तू माझ्यापासून लपवलंस?" मला त्यांनी तिथेच बसवून पाटीचा मजकूर नव्याने लिहायला लावला. तुम्ही नाव घालू नका म्हणाला होतात. मी तुमचं ऐकलं नाही. साहेबांनीही ऐकलं नसतं.

काल उद्घाटन झालं. पाटीवर आहे: "मागच्या पायांची मांडणी: चंद्रशेखर लोंढे, सांगाडे जोडणारे, मिरज. पोलादी काम: सेल्वम, अलेक्झांड्रा." वर इंग्रजीत, खाली मराठीत आणि तमिळमध्ये. सेल्वम आईला व्हिडिओ कॉल लावून पाटीसमोर उभा होता.

अर्जेंटिनाच्या बाई सरळ पावलांपाशी जाऊन जमिनीवर बसल्या. बोटाने सांधा चाचपला, बोट लाल झालं, आणि त्या हसायला लागल्या. मी पुसायला फडकं घेतलं तर म्हणाल्या, राहू दे. मग गार्गीने तिच्या वर्गातल्या मुलांना मेगाथेरियम कसा चालायचा ते करून दाखवलं. पाहतापाहता हॉलभर मुलं पावलांच्या कडांवर चालायला लागली, चिनी, मलय, तमिळ, आपली, दोनेकशे तरी असतील, आणि त्यांच्यामागे त्यांचे आईबाप. त्यांत अमेय होता. कोहसाहेबही होते. अख्खं गोदाम तुमच्यासारखं चालत होतं, मामा.

या. कंपनी बोलावते आहे, मी बोलावते आहे. कागदपत्रं सोबत पाठवली आहेत. राग असला तर घेऊन या, पण या.

तुमची मधू


मिरज
५ जून

चि. मधू, पोटभर आशीर्वाद.

पाटीचा फोटो क्षिप्राने मोठा करून छापून आणला. मी तो एकदा वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. मग बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाचायला दिला. त्याने मोठ्याने वाचला. तेव्हा खरं वाटलं.

राग गेला. तू साहेबांच्या खोलीत गेलीस ना, तेव्हाच गेला. मला फक्त कळायला उशीर झाला. मी खूश आहे, मधू. असं मी कधी कुणाला लिहिलेलं नाही, तुला लिहितो. फार खूश आहे. सेल्वमचं नाव माझ्या शेजारी लावलंस, ते सगळ्यात शहाणपणाचं केलंस.

आज सांगलीला जाऊन व्हिसाचा अर्ज भरला. एजंट पोरगा हुशार होता, भराभर भरत होता. व्यवसायाच्या रकान्याशी आला आणि मला न विचारताच "रिटायर्ड" लिहायला लागला. मी त्याचं पेन अडवलं आणि म्हटलं, "लिही, सांगाडे जोडतो." तो क्षिप्राकडे बघायला लागला. तिने त्याला इंग्रजीत सांगितलं आणि त्याने लिहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण काका, हे आधीचं झालं. आता तर करत नाही ना तुम्ही?"

मी म्हटलं, "करतो की. शेवटचा गेल्या महिन्यात केला."

मामा